बाळाच्या जावळाचा ब्रश घरी करता येईल का?

शाडूची_माती:

नमस्कार. प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण विचारतेच.

मी पंचवटीत राहते आणि घरी शाडूचे गणपती करते. फार नाही, हंगामात साठ-सत्तर. डोळ्यांची आखणी कुणाला देत नाही, स्वतःच करते, आणि दरवर्षी ब्रशशी माझं भांडण होतं. दुकानातला शून्य नंबर पहिल्या दहा-बारा मूर्तींपर्यंत गुणी बाळासारखा वागतो, मग त्याचं टोक फाटतं. एका डोळ्याची रेघ नीट येते आणि दुसऱ्या डोळ्याला मिशी फुटते.

आता मुद्दा. मुलगा अकरा महिन्यांचा आहे. पुढच्या महिन्यात वणीला गडावर जावळ काढायचं ठरलंय. केस अडीच-तीन इंच वाढलेत, तपकिरी आणि इतके मऊ की हातात धरले तरी कळत नाहीत. चीनमध्ये बाळाच्या पहिल्या केसांचा ब्रश करून जपून ठेवायची जुनी रीत आहे असं वाचलं, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. सासूबाई आधी म्हणाल्या, "देवीचं ते देवीला. त्याची कुंचली करून कशात बुडवणार आहेस?" दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, "एक बट ठेव हवं तर, बाकीचं रीतीप्रमाणे होऊ दे." म्हणजे माझ्या हातात एकच बट आहे आणि चुकायला वाव नाही.

सराव म्हणून माझ्या वेणीच्या टोकाचे केस कापले, दोऱ्याने बांधले, रिफिलच्या नळीत खोचले. ब्रश नाही झाला, खराटा झाला. पाण्यात बुडवला तरी टोक धरायला तयार नाही. कात्रीने टोकदार कापून पाहिला तर अजूनच वाईट.

कुणी हाताने ब्रश केलेत का? आणि जावळाच्या ब्रशने आखणी होईल का?

सरळमार्गी:

मेनरोडला पन्नास-साठ रुपयांत बरा ब्रश मिळतो. आठवण म्हणून केस ठेवायचे तर चांदीच्या डबीत ठेवा. उगाच कशाला खटाटोप?

पेंटरकाका_दहीपूल:

सरळमार्गी, डबीत ठेवलेले केस वर्षातून एकदा बघायचे आणि परत झाकण लावायचं. ब्रश निदान हातात तरी येतो. असो.

ताई, तुमच्या वेणीचा खराटा का झाला ते आधी सांगतो, म्हणजे निम्मं काम होईल.

मी बोर्ड पेंटर. १९८३ ला दहीपुलाजवळच्या एका बोळात उस्तादांकडे लागलो. ९१ च्या सिंहस्थात आम्हाला झोपायला वेळ नव्हता. बाण, हात, 'रामकुंडाकडे', 'पिण्याचे पाणी', सगळं हाताने. २०१५ च्या सिंहस्थात मी एकही बोर्ड रंगवला नाही, फ्लेक्सने सगळं गिळलं. पण ब्रश बांधायची सवय गेली नाही. अजून महिन्याला दोन-तीन बांधतो, कुणी मागो न मागो.

उस्तादांनी पहिल्या दिवशी रंगाला हात लावू दिला नाही. हातात एक केस दिला आणि विचारलं, "शेंडा कुठला, बुडखा कुठला?" मी डोळे फाडून बघतोय, दोन्ही बाजू सारख्याच. ते म्हणाले, डोळ्याने नाही, चिमटीने बघ. तुम्हीही आत्ता करून बघा. एक लांब केस अंगठा आणि तर्जनीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे चोळा. केस आपोआप एका बाजूला सरकत जाईल. ज्या बाजूला सरकतो तो बुडखा. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात आणि त्यांची तोंडं शेंड्याकडे असतात, म्हणून तो एकाच दिशेने चालतो. शेंडे-बुडखे उलटसुलट झाले की हे खवले एकमेकांत अडकतात. मग ब्रश होत नाही, गुंता होतो.

आता खराट्याचं. ब्रशचं टोक आपण करत नसतो, ते केसाला जन्मतःच असतं. कधीही न कापलेला केस शेंड्याकडे निमुळता होत होत दिसेनासा होतो. असे शेकडो शेंडे पाण्याने एकत्र आले की सुईसारखं टोक धरतात. तुमच्या वेणीला कितीदा कात्री लागली असेल? प्रत्येक केस आगकाडीसारखा बोथट. काड्यांची जुडी पाण्यात बुडवली तर काड्यांची जुडीच राहणार. म्हणून ब्रशला पुढून कात्री लावायची नाही, कधीच नाही. जे काही कमी करायचं ते बुडख्याकडून.

आणि म्हणूनच जावळ. माणसाच्या डोक्यावर सगळ्या केसांना एकाच वेळी असा शेंडा असतो तो पहिली कात्री लागेपर्यंत. वस्तरा फिरला की पुढे उगवतो तो खुंट. तुमच्याकडे एकच बट आहे हे खरंय, पण ती योग्य बट आहे.

आता कडू बोलतो. आखणीला तो ब्रश चालणार नाही. आखणीच्या ब्रशला उसळी लागते, म्हणजे दाबला की वाकावा आणि उचलला की ताठ व्हावा. सेबल म्हणून जो महाग ब्रश मिळतो तो सायबेरियातल्या एका जातीच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचा असतो. त्या केसाला मध्ये पोट असतं, बुडाशी बारीक, मध्ये जाड, शेंड्याला परत बारीक. ते पोट त्याला उसळी देतं आणि पाणीही धरतं. माणसाच्या केसाला पोट नाही. त्यातून बाळाचा केस म्हणजे रेशीमच. ओला झाला की लोळतो. जलरंगाचा हलका हात फिरवा, अक्षर काढा, सुंदर चालेल. गणपतीचा डोळा त्याच्याकडून काढून घेऊ नका, दोघांवरही अन्याय होईल.

गडावर काय करायचं ते लक्ष देऊन वाचा, कारण तिथे गर्दी असते आणि न्हावीदादाला घाई. तो वस्तरा फिरवेल आणि केस कपड्यात पडतील, सगळे उलटसुलट. त्याच्याआधी तुम्ही कात्री घ्या. बाळ मामाच्या मांडीवर बसलं की टाळूच्या मागच्या बाजूची, जिथे केस सगळ्यात लांब असतील तिथली, पेन्सिलीएवढी बट धरा. बुडाशी दोऱ्याने बांधा आणि मग दोऱ्याच्या खालून, कातडीलगत कापा. मग बट कागदात गुंडाळून बुडख्याच्या बाजूला पेनाने फुली मारा. ती फुली विसरलात तर घरी येऊन हजार केस चिमटीत चोळत बसावं लागेल.

घरी रिठ्याच्या पाण्यात धुवा. बाळाच्या डोक्याला तेल मुरलेलं असतं आणि तेलकट केसाला गम धरत नाही. सावलीत वाळवा. मग बुडखा घट्ट धरून फणीने विंचरा. कंगवा नाही, फणी, उवांची. आखूड केस आणि लव निघून जाईल. निम्मी बट गेली तरी रडू नका, उरते ती कामाची.

मग शेंडे एका पातळीत आणायचे. कारखान्यात त्याला पितळी पेला असतो, मी जुन्या शाईपेनाचं टोपण वापरतो. जुडी टोपणात शेंडा खाली करून सैल सोडायची आणि टोपण टेबलावर हळूहळू ठोकत राहायचं, टक टक टक, पाच-सात मिनिटं. सगळे शेंडे बुडाला जाऊन बसतात. टोपणाचं बूड आतून गोल असतं, त्यामुळे मधले केस थोडे पुढे जातात आणि टोक आपसूक बनतं. बायको म्हणते, तुमचं टकटक सुरू झालं की मला कळतं आज भाजी मलाच आणायची आहे.

जुडी काडेपेटीच्या काडीइतकी जाड ठेवा. शेंड्यापासून साधारण २० मिलिमीटरवर मेण लावलेल्या शिवणाच्या दोऱ्याने बांधा, दोन वेढे आणि अशी गाठ की ओढली की आवळत जाईल. गाठीच्या मागे दोन-तीन मिलिमीटर सोडून बुडखे कापा. बाहेर दिसणारा केस १० ते १२ मिलिमीटरच ठेवायचा. जावळ मऊ, जास्त लांब ठेवलं तर मान टाकेल. म्हणजे अडीच इंच केस तुम्हाला भरपूर आहेत.

नळीसाठी कोंबडीच्या पंखाचं मोठं पीस घ्या. पिसाची पोकळ दांडी कापून गरम पाण्यात टाका, नरम पडते. मागच्या रुंद तोंडातून जुडी शेंडा पुढे करून घाला आणि काडीने रेटत पुढच्या अरुंद तोंडातून बाहेर काढा, गाठ आत अडकेपर्यंत. पीस वाळताना आक्रसतं आणि केसांना मिठी मारतं. राजस्थानातले लघुचित्रवाले पिढ्यान् पिढ्या पिसात ब्रश बांधत आलेत, त्यात आपण काही नवं करत नाही.

आणि कुणी सांगेल मुंगसाच्या केसांचा ब्रश आणा, आखणीला उत्तम. पूर्वी सर्रास मिळायचे, मीही वापरलेत, खोटं कशाला बोलू. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, त्याच्या केसांचा धंदा गुन्हा आहे. एका ब्रशासाठी किती मुंगसं मरतात हे कळल्यावर माझ्याकडचे उरलेले ब्रश मी हातात धरले नाहीत. पट्टेपट्टे असलेला राठ, गडद शेंड्याचा केस दिसला की दुकानातून बाहेर पडा.

सराव आधी बोकडाच्या दाढीवर करा.

शाडूची_माती:

काका, चिमटीत केस खरंच चालतो! अर्धा तास घरातले सगळे केस चोळत बसलो होतो. सासूबाईंनी स्वतःचा पांढरा केस उपटून चोळला.

बोकडाची दाढी भद्रकालीतल्या मटणवाल्याकडून आणली. तो म्हणाला, "ताई, दाढी फुकट, पण कशाला ते सांगा." सांगितल्यावर त्याने दोन दाढ्या दिल्या.

धुतली, विंचरली, टोपणात ठोकली. टोक इतकं छान आलं की फोटो काढला. मग घोळ झाला. पिसाच्या मागून लगेच चिकटणाऱ्या गमचे दोन थेंब टाकले आणि चहा ठेवायला गेले. परत येऊन बघते तर ब्रश कडक. शेंड्यापर्यंत. काडीने वाजवला तर टिकटिक वाजतो. हे कसं झालं? मी तर मागून टाकला होता.

पेंटरकाका_दहीपूल:

समईत वात तेल कशी ओढते? तसंच. पातळ गम आणि केसांची जुडी म्हणजे वातच झाली. गमला वर-खाली कळत नाही, दोन केसांमधली फट मिळाली की तो चढत जातो. मीही एकदा रात्री दीडला असाच सेबलचा तुकडा घालवलाय, तो दिवस अजून आठवतो.

दोन नळ्यांचा गम येतो ना, समान भाग घेऊन कालवायचा, तो वापरा. घट्ट असतो, सावकाश वाळतो. टाचणीच्या डोक्याएवढा घ्या, फक्त बुडख्यांवर लावा आणि ब्रश शेंडा वर करून रात्रभर भिंतीला टेकवून ठेवा. गाठ घट्ट असेल तर गमला खरं म्हणजे फारसं काम नसतं. गाठ ढिली असली की माणूस गम जास्त ओततो.

कडक झालेला ब्रश फेकू नका. मूर्तीच्या दागिन्यांवर ठिपके द्यायला कामाला येईल.

तांबटाचा_नातू:

पीस नको असेल तर जुन्या ट्रान्झिस्टरचा एरियल शोधा. तो आतून पितळ असतो, वर चकाकीचा मुलामा. एकात एक बसणाऱ्या चार-पाच जाडीच्या नळ्या फुकटात मिळतात. बारीक कानशीने हवा तेवढा तुकडा कापा, दाबून कापू नका, तोंड चेपतं. आतली धार कानसून घ्या, नाहीतर ती केस कापेल. आमच्या आजोबांच्या दुकानात एरियलचा उपयोग कुणी असा केला असता तर त्यांनी कानाखाली वाजवली असती, पण नळी चांगली आहे.

दांडीसाठी द्राक्षाची काडी भारी दिसते. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या आमच्याकडे पडून आहेत.

पेंटरकाका_दहीपूल:

एरियल एकदम मान्य. द्राक्षाची काडी मान्य नाही. दिसते झकास, पण साल दोऱ्यासारखी सुटत राहते आणि मधल्या गाभ्यात पाणी शिरलं की ती फुगते. कळकाची काडी घ्या.

निफाडकर:

द्राक्षाच्या काडीचा अपमान केलात काका, निफाडमध्ये पाऊल ठेवू नका. 😀

ताई, उसळीचं म्हणाल तर बैलाच्या कानाचे केस बघा. आमचे वडील पूर्वी बैलांचे कान-शेपूट भादरायचे, तेव्हा एक पेंटर गावातून केस गोळा करून न्यायचा. आम्हाला वाटायचं हा माणूस जादूटोणा करतो.

पेंटरकाका_दहीपूल:

तो मी नव्हे, पण माझ्यासारखाच कुणी असणार. बैलाच्या कानाचा केस म्हणजे बोर्ड पेंटरचा जीव. सेबलसारखं सुईचं टोक येत नाही, पण ताठ, चिवट आणि उसळी भरपूर. अगदी बारीक बांधला, आगकाडीच्या निम्मा, तर ताईंची आखणी होईल. कानाच्या कडेचे लांब केस घ्या. आतली लव नको, आणि कानातला मळ जनावराच्या डॉक्टरसाठी सोडा.

शाडूची_माती:

गडावरून आलो. सांगते.

ट्रॉलीने वर गेलो, पाऊस नुसता भुरभुरत होता. भाऊ मांडी घालून बसला, बाळाने पहिल्या मिनिटालाच गळा काढला. मी कात्री काढल्यावर न्हावीदादा म्हणाले, "तुम्हीच करणार का सगळं?" त्यांना शेंडा-बुडखा समजावत बसायला वेळ नव्हता. मी दोरा बांधायला गेले तर हात थरथरतोय, मूल मान हलवतंय. शेवटी सासूबाईंनी बट धरली, त्यांनीच दोरा गुंडाळला, त्यांनीच कापली. मग कागदावर फुली मारायला पेन शोधलं तर कुणाकडेच नाही. त्यांनी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून बुडख्याच्या बाजूला टिळा लावला. बाकीचं जावळ रीतीप्रमाणे झालं.

फणीत निम्मी बट गेली, काका म्हणाले होते तशीच. उरलेली काडीइतकीही भरली नाही, जरा बारीकच झाली. एरियलची सगळ्यात बारीक नळी तिला बरोबर बसली. टोपणात ठोकताना बाळ झोपलेलं होतं, म्हणून टेबलावर पंचा घालून ठोकलं, त्याने वीस मिनिटं लागली. काल रात्री गम लावला, आज सकाळी पाण्यात बुडवून झटकला तर टोक आलं. एकच केस बाजूला वाकडा उभा होता. कात्रीकडे हात गेला होता, मग आठवलं आणि चिमट्याने उपटला.

सासूबाईंनी पाण्यात हळद कालवून पाटावर काहीतरी काढलं. विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, ब्रश बघत होते. रेघ जाड येते आणि वळणावर ब्रश लोळतो. डोळे याने होणार नाहीत हे पटलं.

म्हणजे आता बैल हवा. निफाडकर, तुमच्याकडे कान भादरतात ते पोळ्याला ना?

निफाडकर:

पोळ्यालाच. पण हिशोब करा ताई, पोळा श्रावणी अमावास्येला आणि गणपती त्यानंतर चार दिवसांनी. साठ मूर्तींचे डोळे चार दिवसांत करणार का? या रविवारी गाडी लावायला नाशिकला येतोय मार्केट यार्डात. सर्जाचा डावा कान आज संध्याकाळीच भादरतो, उजवा त्याच्या मूडवर आहे. शेंडे एका बाजूला ठेवायचे एवढं कळलंय. फुली मारू की कुंकू लावू?

पेंटरकाका_दहीपूल:

दोरा बांधा आधी. आणि डबीत माझ्यासाठीही थोडे ठेवा.